लीट : पाणी 'सोडण्या'तून आलेला शब्द

आज एका इंग्रजी शब्दाची गोष्ट. कॅनॉल आपल्याला पाठ आहे, पण 'लीट' फारसा कानावर येत नाही. इंग्लंडातही तो जास्त करून डेव्हन-कॉर्नवॉलकडे चालतो. अर्थ साधाच, नदीतून काढलेला उघडा पाट.

जुन्या इंग्रजीत 'सोडणे, जाऊ देणे' अशा अर्थाचं क्रियापद होतं. आजचा 'लेट' त्यातलाच, आणि लीटही त्यातलाच. म्हणजे सोडलेलं पाणी जातं ती वाट. आपण तरी काय म्हणतो? 'पाटाला पाणी सोडलं.'

काम असं चालतं. वर नदीला छोटा बंधारा घालायचा, तिथून पाट काढायचा आणि डोंगराच्या कडेकडेनं अगदी कमी उतारानं न्यायचा. नदी भराभर खाली उतरते, पाट उंचावरच राहतो. त्या उंचीवरून पाणी पाडलं की पाणचक्की फिरते. कथलाच्या खाणींनाही असंच पाणी न्यायचे. घरच्या पिण्याच्या पाण्यासाठी वेगळे बारके लीट असायचे.

सगळ्यात नावाजलेला लीट प्लिमथ शहराचा. १५८५ साली पार्लमेंटनं कायदा केला. डिसेंबर १५९० ला खोदाई सुरू झाली आणि एप्रिल १५९१ ला मीव्ही नदीचं पाणी गावात आलं. लांबी साडेसतरा मैल, म्हणजे २८ किलोमीटर. काम केलं फ्रान्सिस ड्रेकनं, जगाला जहाजानं फेरी मारणारा तोच. त्यानं या पाण्यावर स्वतःच्या पाणचक्क्याही बसवल्या. पुढं १८९८ ला बरेटर धरण झालं, तोवर हा पाट शहराच्या कामी आला.

आता आपल्या कामाची गोष्ट. डार्टमूरच्या माळावर लीट शेतांजवळून जायचे. मग वाटेतल्या शेतकऱ्यानं किती घ्यायचं? पाटाच्या कडेला ठरावीक मापाचं भोक पाडलेला दगड बसवायचे, त्याला 'बुल्स आय' म्हणजे बैलाचा डोळा म्हणत. भोकातून येईल तेवढंच शेतकऱ्याचं, बाकीचं पुढं. शेतकऱ्यालाही मिळतं, आणि टेलचा माणूसही कोरडा राहत नाही.

पाट खोदायला चार-पाच महिने पुरले, पण तो शेकडो वर्षं चालवायचा म्हणजे पाणी मोजून सोडावं लागतं. वरच्यानं पाट फोडला की खालच्याचं पीक जातं, हे आपल्याला सांगायला नको.

तुमच्याकडे पाणी वाटायला दगड, फळी, खुंटी असं काही जुनं माप होतं का? त्याचं नाव खाली लिहा, नाहीतर तो शब्दही जाईल.