पॉवर्ड हँग ग्लायडर : धावत उड्डाण घेताना काय काळजी घ्यावी?

हँग ग्लायडर म्हटलं की डोंगराचा कडा डोळ्यांसमोर येतो. पण पायलटच्या हार्नेसला छोटं टू-स्ट्रोक इंजिन आणि मागे पंखा जोडला, तर सपाट माळावरूनही धावत जाऊन उड्डाण घेता येतं. यातला सगळ्यात नाजूक टप्पा म्हणजे जमिनीवरची शेवटची पावलं आणि त्यानंतरची पहिली 30 मीटर उंची. इथं चूक झाली तर ती सुधारायला वेळच मिळत नाही. म्हणून सुरक्षित उड्डाणाचे बहुतेक निर्णय इंजिन सुरू करण्याआधीच घ्यावे लागतात.

हे यंत्र नेमकं काय आहे?

आपल्याकडे 'पॉवर्ड हँग ग्लायडर' हे नाव चाकांच्या, बसून चालवायच्या ट्राइकलाही वापरतात. या लेखात चाकं नसलेल्या प्रकाराची माहिती आहे. यात पायलट पंखाखाली हार्नेसमध्ये लटकतो. इंजिन हार्नेसच्या मागच्या भागात असतं आणि पंखा पायांच्याही मागे फिरतो. ग्लायडरचं वजन साधारण 25 ते 35 किलो, इंजिनासह हार्नेसचं 20 ते 30 किलो. एवढं ओझं घेऊन धावायचं असतं. हे यंत्र एकट्यानं उडवायचं आहे. त्यावर पर्यटकाला बसवून फिरवायची सोय नसते.

आधी बिनइंजिनाचं शिक्षण

इंजिन लावल्यानं उडवणं सोपं होत नाही. साध्या हँग ग्लायडरवर धावणं, पंख सरळ ठेवणं आणि उतरणं अंगवळणी पडल्यावरच, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली इंजिनाकडे वळावं. नवीन हार्नेस घातल्यावर पहिले काही दिवस इंजिन बंद ठेवून नुसता धावण्याचा सराव करावा. मागचं वजन आणि नळी यांमुळे चाल बदलते, तिची सवय व्हावी लागते.

वारा आणि वेगाचा हिशेब

नवशिक्यांच्या ग्लायडरला उचलण्यासाठी पंखावरून ताशी साधारण 30 किलोमीटर वेगानं हवा वाहावी लागते. समोरून 12 किलोमीटरचा वारा असेल तर तुम्हाला 18 च्या वेगानं पळावं लागेल. इंजिनाच्या ढकलीमुळे ते जमतं. वारा अजिबात नसेल तर पूर्ण 30 चा वेग गाठावा लागतो. आणि पाठीमागून 5 चा वारा असेल तर 35! तेवढं कुणी पळू शकत नाही. म्हणून वाऱ्याकडे तोंड करूनच धावायचं, यात तडजोड नाही.

उंची आणि उष्णता यांचाही परिणाम होतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात दुपारी 35 अंश तापमानात तिथली हवा एवढी विरळ होते, की 30 च्या जागी 32 ते 33 चा वेग लागतो. त्याच वेळी इंजिनाची ताकदही घटते. गोव्याच्या किनाऱ्यावर सहज उडालेला ग्लायडर बेळगावच्या माळावर दुपारी जड का वाटतो, त्याचं कारण हे.

दुपारी वावटळी आणि वर चढणारे गरम हवेचे झोत असतात, ते वेगळंच. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, स्थिर वाऱ्यातच उड्डाण घ्यावं. मैदानात दोन-तीन ठिकाणी काठीला रिबीन बांधा. रिबिनी वेगवेगळ्या दिशा दाखवत असतील तर त्या वेळी उड्डाण नको.

जागा कशी असावी?

जमीन घट्ट आणि सपाट हवी. नांगरट, उसाचे खोडवे किंवा ओला चिखल असेल तर पाय अडकतो. समोर विजेच्या तारा, झाडं, विहिरीचं बांधकाम नसावं. उड्डाणाच्या रेषेत पुढेही मोकळी शेतं असावीत, म्हणजे इंजिन बंद पडलं तर सरळ उतरता येईल.

इंजिन सुरू करण्याआधी

• पंखाच्या तारा, बोल्ट, पिना, इंधन आणि ऑइलचं मिश्रण, पंख्याला तडा आहे का, हे सगळं रोज क्रमानं तपासा.
• पायांचे पट्टे आणि कॅराबिनर लावल्यावर प्रत्यक्ष लटकून बघा. कॅराबिनर न अडकवताच धावल्यामुळे जगभर पायलट दगावले आहेत.
• धावण्याच्या अगदी आधी ग्लायडर उचलून पट्टा ताणला जातो का, ते पुन्हा पाहा. मधे कुणी हाक मारली, फोन आला, तर तपासणी पहिल्यापासून करा.
• बंद करायचा स्विच चालतो का, ते इंजिन सुरू झाल्याबरोबर पाहा.
• पंख्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना कुणी थांबू नये. पंखा फुटला तर तुकडे बाजूला उडतात. बघ्यांना पुढे, पण धावण्याच्या वाटेबाहेर उभं करा.

धावताना

पंख समपातळीत, नाक किंचित वर. नाक फार वर गेलं तर पंख हवेला अडवतो आणि वेग येत नाही. खाली गेलं तर ग्लायडर पुढे कोसळतो. काही हार्नेसमध्ये थ्रॉटल दातांत धरायचा असतो, पकड सोडली की इंजिन मंदावतं. दोन्ही हात पंख सांभाळायला मोकळे राहावेत म्हणून ही योजना.

आधी चाल, मग पळणं, मग जोरात पळणं. इंजिन ढकलतंय म्हणून पाय थांबवू नका. खांद्यावरचं ओझं गेलं, पट्टा ताणला, तरी पळत राहायचं. पाय लवकर उचलले तर ग्लायडर खाली बसतो आणि पंखा जमिनीला लागतो. एक बाजू वर उचलली गेली तर शरीर त्या बाजूला न्या. तरीही ती सरळ होत नसेल तर थांबा.

कुठं थांबायचं हे आधीच ठरवा. मैदानाच्या मध्याजवळ एक खूण ठेवा. तिथपर्यंत ओझं हलकं झालं नाही तर थ्रॉटल सोडा, इंजिन बंद करा आणि पावलं आवरा. अशा वेळी थ्रॉटल आधी सोडायचा, बाकी सगळं नंतर.

पाय सुटल्यावर

लगेच आडवं होऊन पाय हार्नेसमध्ये घालायची घाई नको. कंट्रोल बार थोडा आत ओढून वेग राखा आणि सरळ वर चढा. पुरेशी उंची मिळेपर्यंत वळण घेऊ नका. इंजिन अचानक बंद पडलं तर बार ताबडतोब आत ओढा, म्हणजे नाक खाली जाऊन वेग टिकतो, आणि समोरच उतरा. मागे वळून मैदानात परतायचा मोह टाळा. कमी उंचीवरच्या त्या वळणात वेग जाऊन पंख कोसळू शकतो.

परवानगीचं काय?

भारतात पॉवर्ड हँग ग्लायडर डीजीसीएच्या नियमांत येतात. यंत्र, प्रशिक्षण आणि जागा यांबाबत आधी विचारणा करावी. सीमाभागात आणि बाहेरच्या मराठी गावांत हे जास्तच महत्त्वाचं, कारण बेळगावचं सांबरा, गोव्याचं दाबोळी, ग्वाल्हेरचं महाराजपूर या विमानतळांवर सैन्यदलांचाही वावर आहे. शेत स्वतःचं असलं तरी त्यावरची हवा आपली नसते. जिल्हा प्रशासन, पोलीस आणि जवळचा विमानतळ यांना कळवल्याशिवाय इंजिनाला हात लावू नका.