अभियांत्रिकी की कलाशाळा? नियम कोण लिहिणार, हा खरा प्रश्न

बारावी झालेली आपली मुले-मुली हल्ली विचारतात, "गेम डिझाईन करायचे आहे, इंजिनिअरिंगला जावे की आर्ट कॉलेजला?" घरच्यांचे उत्तर ठरलेले असते : चित्रे काढून पोट भरत नाही. काही कार्यकर्ते तर बाबासाहेबांचाच दाखला देतात. म्हणून हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने तपासणे आम्हाला गरजेचे वाटते.

हात आणि डोके यांची फारकत या देशात जातीने केली. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये मांडले. ज्याने चामडे कमावले, दोर वळले, माग चालवला, त्याला कारागीरही म्हटले गेले नाही, मग कलावंत कोण म्हणणार? इंग्रजी राजवटीत ही फारकत शाळांच्या इमारतींतही दिसू लागली. मुंबईत १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळा. एकीकडे चित्र, दुसरीकडे यंत्र.

याला अपवाद ठरला तो बडोद्याचा कलाभवन. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांनी तो उभा केला. तिथे चित्रकला, रंगकाम, विणकाम आणि यंत्रविद्या एकाच छताखाली होती. दादासाहेब फाळके आधी जे. जे.मध्ये आणि नंतर याच कलाभवनात शिकले. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तेव्हा चित्र, छायाचित्रण, रसायन आणि यंत्र एकाच माणसाच्या हातात आले होते. सिनेमा हे त्या काळाचे नवे माध्यम होते, तसे आज गेम आहे. पण पुढे कलाभवन बडोदा विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत गेला आणि ललित कलांची शाखा वेगळी झाली. जोडलेले पुन्हा तुटले.

आता आपल्या नगर जिल्ह्याकडे पाहू. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून इथे होते आणि त्याच्याकडे वळलेल्यांत महार-मांग कुटुंबे मोठ्या संख्येने होती. मिशनने पेटिट यांच्या नावाची औद्योगिक शाळा चालवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिशनचे अभियंता डी. सी. चर्चिल यांनी नगरमध्येच सुधारित हातमाग तयार केला. गावगाड्याबाहेर ठेवलेल्या मुलांच्या हाती हत्यार आले, हे मोठेच काम होते. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही : मागाची रचना साहेबाची आणि त्यावर राबणारे हात आपले. कौशल्य मिळाले, पण आराखड्यावरचा अधिकार मिळाला नाही.

बाबासाहेबांनी नेमका यावरच बोट ठेवले. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला २ लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठी आणखी १ लाख. 'आर्ट्स' आणि कायद्याच्या पदवीचा समाजाला फारसा उपयोग नाही, असेही त्यांनी लिहिले. पण ते 'आर्ट्स' म्हणजे बी. ए.ची पदवी, चित्रकला नव्हे! आणि मुद्दा विषयांचा नव्हता, मोक्याच्या जागेचा होता. ज्या ज्ञानाने समाज निर्णयाच्या जागी पोहोचतो, ते ज्ञान मिळवा, हा त्याचा अर्थ.

मग गेममध्ये मोक्याची जागा कोणती? नियम लिहिणाऱ्याची. सापशिडीचे मूळ मानला जाणारा मोक्षपट परंपरेने ज्ञानेश्वरांशी, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या नेवाशाशी जोडला जातो. त्या पटावर पाप कोणते, पुण्य कोणते, साप कुठे आणि शिडी कुठे हे आधीच ठरलेले असते. खेळणारा फक्त दान टाकतो. जातीचा पटही असाच आहे, फरक इतकाच की त्यात काहींच्या घरापासून शिडी निघतच नाही. जो केवळ कोड लिहितो किंवा केवळ रंग भरतो, तो दुसऱ्याच्या पटावर मजुरी करतो. ज्याला दोन्ही कळते, तो पट बदलू शकतो.

म्हणून आमचे म्हणणे असे. पहिली पसंती जिथे दोन्ही एकत्र आहे तिथे द्या. आयआयटी मुंबईत १९६९ पासून डिझाईनचे केंद्र आहे. तिथल्या बी. डेस.साठी यूसीड ही परीक्षा कोणत्याही शाखेचा बारावीचा विद्यार्थी देऊ शकतो, तिच्यात तर्कही तपासतात आणि चित्रही, आणि आरक्षण लागू आहे. वस्तीतल्या किती मुलांना हे माहीत आहे? ते जमले नाही तर अशी संस्था निवडा जिथे शिष्यवृत्ती आणि वसतिगृह खात्रीने मिळेल, आणि राहिलेली बाजू स्वतः भरून काढा. अभियांत्रिकीला गेलात तर रोज चित्र काढा, कथा वाचा. कलाशाळेत गेलात तर गणित सोडू नका, गोडो आणि ब्लेंडर ही मोफत सॉफ्टवेअर शिका. कर्ज काढून चकचकीत खाजगी संस्थेत जाण्याआधी तिची मान्यता आणि शिष्यवृत्तीची पात्रता तपासा.

कार्यकर्त्यांनीही जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा एका संगणकासाठी आणि चित्रकलेच्या वर्गासाठी बाजूला काढावा. एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या ड्रॉइंग परीक्षांना आपली मुले बसलीच पाहिजेत. आजवर पट दुसऱ्यांनी आखला आणि सोंगट्या आपण झालो. आता पट आखणारे आपल्यातून निघाले पाहिजेत.

जय भीम!