नकाशातलं स्टेशन

ऑगस्ट २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकरांचं निधन झाल्याची बातमी वाचली आणि मला आमच्या शाळेतला नकाशा आठवला. संबंध काय, ते सांगतो.

१९६५ च्या युद्धात परुळकरांच्या विमानाला गोळ्या लागल्या, दंडालाही जखम झाली. विमान सोडून उडी मार, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. त्यांनी ते तळावर परत आणलं. त्यासाठी वायुसेना पदक मिळालं. १० डिसेंबर १९७१ ला मात्र त्यांचं सुखोई-७ पाडलं गेलं आणि ते पाकिस्तानचे युद्धकैदी झाले.

रावळपिंडीच्या छावणीत ते स्वस्थ बसले नाहीत. खोलीच्या भिंतीला भोक पाडून ऑगस्ट १९७२ मध्ये एका रात्री ते, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी बाहेर पडले. बसने पेशावर, पुढे जमरूद, मग खैबर खिंडीतून लंडी कोतल! अफगाण सरहद्द आता हाकेच्या अंतरावर.

तिथे त्यांनी लंडी खानाला कसं जायचं, अशी चौकशी केली. त्यांच्या नकाशात रेल्वेचं शेवटचं स्टेशन तेच होतं. पण इंग्रजांनी १९२६ मध्ये तिथवर नेलेली गाडी १९३२ मध्येच बंद पडली होती! चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेलं स्टेशन विचारणारे हे कोण? संशय आला आणि तिघे पकडले गेले.

मी भूगोल शिकवायचो. आमच्या वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात महाराष्ट्र आणि गुजरात कितीतरी वर्षं एकाच रंगात होते. नवा मागवायला पैसे नसत. "मुलांनो, मधे रेघ आहे असं समजा," असं सांगून मी वेळ मारून नेई. परुळकरांची हकिगत वाचल्यावर त्या वाक्याची लाज वाटली.

१ डिसेंबर १९७२ ला ते तिघे इतर कैद्यांबरोबर वाघ्याहून मायदेशी परतले. परुळकर पुढेही हवाई दलात राहिले, त्यांना विशिष्ट सेवा पदक मिळालं. सुटकेच्या त्या प्रयत्नावर 'फोर माइल्स टु फ्रीडम' हे पुस्तकही आलं. चार मैल! तेवढंच अंतर उरलं होतं.

तो प्रयत्न फसला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. भिंत त्यांनी फोडली होती. चुकला तो नकाशा.