बाजूला ठेवलेल्या प्रश्नावल्या

व्यसन हा प्रामुख्याने पुरुषांचा आजार आहे, ही समजूत अमेरिकेत फार जुनी नाही. १८७८ साली मिशिगन राज्यातील डॉक्टरांकडून गोळा केलेल्या माहितीत अफू आणि मॉर्फिन यांच्या आहारी गेलेल्या १,३१३ व्यक्तींपैकी ८०३ स्त्रिया होत्या, कारण मासिक पाळीच्या वेदनांपासून निद्रानाशापर्यंत अनेक तक्रारींवर डॉक्टर तेव्हा सर्रास तीच औषधे देत. पुढे डॉक्टर सावध झाले, १९१४ च्या हॅरिसन कायद्याने या द्रव्यांवर निर्बंध आले आणि व्यसनी म्हणजे पोलिसांच्या नजरेतला शहरी पुरुष, असे चित्र रूढ झाले. केंटकीतील लेक्सिंग्टन येथे १९३५ मध्ये सुरू झालेल्या सरकारी व्यसनोपचार रुग्णालयात स्त्रियांना प्रवेश मिळाला तो १९४१ मध्ये.

दारूच्या बाबतीत तर स्त्री आली ती रुग्णाची पत्नी म्हणून. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या मद्यपींच्या परस्पर-साहाय्य चळवळीच्या १९३९ च्या मूळ ग्रंथात पत्नींसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. मार्टी मॅन त्याच वर्षी या चळवळीत आल्या आणि १९४४ मध्ये त्यांनी मद्यासक्ती हा आजार आहे हे लोकांना पटवण्यासाठी राष्ट्रीय समिती स्थापन केली. पण शास्त्राची घडण मात्र पुरुषांच्याच अनुभवावर होत राहिली. ई. एम. जेलिनेक यांनी १९४६ मध्ये मद्यासक्तीच्या टप्प्यांचा जो प्रसिद्ध अभ्यास मांडला, तो चळवळीच्या सभासदांनी भरलेल्या ९८ प्रश्नावल्यांवर आधारलेला होता आणि त्या सर्व पुरुषांच्या होत्या. स्त्रियांच्या १५ प्रश्नावल्याही आल्या होत्या. परंतु स्वतंत्र विश्लेषणासाठी त्या थोड्या आणि पुरुषांच्या उत्तरांत मिसळण्यासाठी फार वेगळ्या, म्हणून त्यांनी त्या वगळल्या. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय प्रामाणिकच होता. आश्चर्य याचे की, ज्या वेगळेपणामुळे त्या वगळल्या, त्याचाच शोध घ्यावा असे पुढे कित्येक वर्षे फारसे कोणाला वाटले नाही, आणि या टप्प्यांवरून काढलेला उतरणीचा व सावरण्याचा आलेख उपचारकेंद्रांच्या भिंतींवर सर्वांसाठी म्हणून लागला.

नंतरच्या अभ्यासांत असे आढळले की, अनेक स्त्रिया उशिरा पिऊ लागूनही परावलंबनापर्यंत पुरुषांपेक्षा लवकर पोहोचतात. जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र संघटना काढली, कारण आधीच अपराधभावाने खचलेल्या स्त्रीकडून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या पद्धतीप्रमाणे पुन्हा हतबलतेची कबुली घेणे त्यांना पटत नव्हते. १९८४ मध्ये अमेरिकन संसदेने व्यसनोपचाराच्या अनुदानातील किमान ५ टक्के रक्कम स्त्रियांसाठी राखून ठेवण्याचे बंधन राज्यांवर घातले. तरीही मुलांना सोबत ठेवता येईल अशी केंद्रे मोजकीच होती, आणि व्यसनाची कबुली दिली तर मुलांचा ताबा जाईल या भीतीने कित्येक आया उपचारांपासून दूरच राहिल्या.