‘हे राम’ : सूडाचा चुकलेला नेम

कमल हासन यांची निर्मिती, लेखन, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका असलेला ‘हे राम’ १८ फेब्रुवारी २००० रोजी तमिळ व हिंदी भाषांत प्रदर्शित झाला. वरकरणी तो फाळणीच्या रक्तपाताचा इतिहासपट वाटतो. त्याचा गाभा मात्र सूडकथेचा आहे, आणि या सूडासाठी निवडलेला आरोपीच चुकीचा आहे.

मोहेंजोदडोच्या उत्खननावर काम करणारा पुराणवस्तू संशोधक साकेत राम १९४६च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यातील घरी परततो. त्याच वेळी दंगल उसळते व त्याची पत्नी अपर्णा (राणी मुखर्जी) तीत बळी पडते. साकेत राम बंदूक घेऊन रस्त्यावर उतरतो आणि प्रत्यक्ष गुन्हेगाराला ठार करतो. खरे तर सूड तिथेच पुरा व्हायचा. परंतु अंधाऱ्या गल्लीत त्याला श्रीराम अभ्यंकर भेटतो. या साऱ्याचे मूळ महात्मा गांधी आहेत, असे तो त्याच्या मनावर बिंबवतो. पुढे घोड्यावरून पडून जायबंदी झालेला हाच अभ्यंकर गांधीहत्येची शपथ त्याच्याकडून घेतो.

अभ्यंकर झालेले अतुल कुलकर्णी सोलापूरचे. जन्म बेळगावचा असला तरी ते वाढले सोलापुरात, आणि ‘नाट्य आराधना’ या तेथील संस्थेतून रंगभूमीवर आले. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून १९९५मध्ये बाहेर पडल्यावर ‘गांधी विरुद्ध गांधी’ या नाटकात त्यांनी गांधीजींचीच भूमिका केली होती! अभ्यंकरची भूमिका आधी मोहन गोखले यांच्याकडे होती. एप्रिल १९९९मध्ये चित्रीकरणासाठी चेन्नईत असताना त्यांचे निधन झाले व ती कुलकर्णी यांच्याकडे आली. आवाज न चढवता, जवळिकीच्या सुरात विष कालवणारा त्यांचा अभ्यंकर आक्रस्ताळ्या खलनायकांपेक्षा अधिक भीतिदायक वाटतो. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सोलापूरकरांना या योगायोगाचे विशेष वाटावे. गांधीजींच्या अटकेनंतर मे १९३०मध्ये याच शहराने उठाव केला आणि लष्करी कायदा सोसला. पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन व श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. ते निर्दोष होते, ही भावना शहरात आजही आहे.

चित्रपटात दिल्लीला पोहोचलेल्या साकेत रामचा निश्चय डळमळतो तो जुना सहकारी अमजद (शाहरुख खान) भेटल्यावर. दंगलीत गोळी लागलेला अमजद मरताना मित्राला दोष देत नाही. आपण ज्याला आरोपी मानले तो निरपराध आहे, हे उमगलेला राम कबुलीजबाब देण्यासाठी गांधीजींकडे (नसीरुद्दीन शाह) जातो. पण त्याआधीच नथुराम गोडसेच्या गोळ्या सुटतात. गोडसेच्या भूमिकेत शरद पोंक्षे आहेत; रंगभूमीवरही ते हीच भूमिका करीत असत.

तीन तासांहून अधिक लांबीचा हा चित्रपट मध्ये रेंगाळतो, प्रतीकांचा सोसही जास्त आहे. तिकीटबारीवर त्याला अपेक्षित यश मिळाले नाही, तरी ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याचीच निवड झाली होती. वृद्ध साकेत रामचा वर्तमानकाळ कृष्णधवल आणि त्याच्या आठवणी रंगीत, अशी त्याची मांडणी आहे.