प्रमाणपत्राची जन्मकथा आणि फिरता प्रवासी

१९७६ मध्ये डिफी व हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीची कल्पना मांडली. पण समोर आलेली किल्ली खरोखर त्याच माणसाची, हे ठरवायचे कोणी? त्यांच्या मनात सर्व किल्ल्यांची एक सार्वजनिक नोंदवही होती. म्हणजे दर वेळी तिथे विचारणा आली. १९७८ मध्ये एमआयटीतील लॉरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने तोड काढली: नाव आणि किल्ली एकत्र लिहून त्यांवर विश्वासू अधिकाऱ्याची डिजिटल सही. हेच प्रमाणपत्र, तेही पदवीच्या प्रबंधात!

पुढे जेम्स योनन मध्य आशियात प्रवास करीत असताना त्यांचे कामाचे दळणवळण परक्या, अविश्वसनीय सेवादात्यांच्या हातून जाऊ लागले. त्या चिंतेतून २००१ मध्ये ओपनव्हीपीएन अवतरले. फिरत्या माणसाचा आयपी पत्ता सतत बदलतो, म्हणून पत्त्यावरून ओळख पटवणे व्यर्थ. सर्वांना एकच गुप्त किल्ली द्यावी, तर एक लॅपटॉप हरवताच साऱ्यांची किल्ली बदलणे भाग. प्रत्येकाचे प्रमाणपत्र वेगळे असले, की हरवलेले तेवढे रद्द यादीत जाते. मात्र ती यादी सर्व्हरवर पोहोचली नाही आणि किल्लीला परवलीचा शब्दही नसला, तर चोर बिनदिक्कत आत येतो.