रूझवेल्टची शिकार आणि पांढरा गेंडा

२३ मार्च १९०९. न्यूयॉर्कच्या बंदरातून ‘हॅम्बुर्ग’ ही आगबोट सुटली, तेव्हा निरोप द्यायला धक्क्यावर प्रचंड गर्दी लोटली होती. बोटीवरचा पाहुणा अवघ्या एकोणीस दिवसांपूर्वीपर्यंत अमेरिकेचा अध्यक्ष होता. थिओडोर रूझवेल्ट सत्तेवरून उतरला आणि थेट आफ्रिकेच्या जंगलाकडे निघाला.

या प्रवासाचे मूळ शोधायचे तर त्याच्या बालपणात जावे लागते. दम्याने बेजार झालेला हा मुलगा घरातच ‘संग्रहालय’ थाटून बसला होता. एका सीलची कवटी हा त्या संग्रहालयाचा पहिला ऐवज. पुढे हाती बंदूक आली आणि मगच घरच्यांना उमगले की पोराला लांबचे दिसतच नाही. चष्मा लागला आणि त्याला जग दिसू लागले. १८७२-७३ च्या हिवाळ्यात आईवडिलांबरोबर नाईलमधून फिरताना त्याने पक्षी टिपून त्यांच्या कातडीत पेंढा भरला. आफ्रिकेची ती पहिली ओळख. त्याच नाईलच्या वरच्या अंगाला पोहोचायला मात्र पन्नाशी उलटावी लागली.

जून १९०८ मध्ये, अध्यक्षपदावर असतानाच, त्याने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहिले. शिकार तो करणार आणि कातडी, कवट्या राष्ट्रीय संग्रहालयाला देणार; संस्थेने सोबत निसर्गअभ्यासक तेवढे द्यावेत. अभ्यासकांचा खर्च देणग्यांतून उभा राहिला. त्यात पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीही होता. स्वतःचा आणि मुलगा कर्मिट याचा खर्च रूझवेल्टने लेखणीवर भागवला. प्रवासलेखांसाठी ‘स्क्रिब्नर्स’ मासिकाने पन्नास हजार डॉलर मोजले. एकोणीस वर्षांच्या कर्मिटने त्यासाठी हार्वर्डचे शिक्षण काही काळ बाजूला ठेवले होते.

२१ एप्रिलला मंडळी मोंबासाला उतरली. तिथून पुढे युगांडा रेल्वे. हा लोहमार्ग बांधायला हिंदुस्थानातून तीस हजारांहून अधिक मजूर नेले होते. त्यांतले सुमारे अडीच हजार परतलेच नाहीत. १८९८ मध्ये त्सावोच्या पुलावर दोन सिंहांनी ज्यांना उचलून नेले, त्यांत हेही मजूर होते. मुलुखात चलन होते रुपयाचे. याच गाडीच्या इंजिनापुढे, रुळांवरची जनावरे बाजूला सारणाऱ्या जाळीच्या वर, बाक टाकून रूझवेल्ट बसला आणि दुतर्फा चरणारे कळप पाहत गेला.

कापिटी स्थानकावर तांडा वाट पाहत उभा होता. दोनशेहून अधिक हमाल, एकेकाच्या डोक्यावर साठ पौंडांच्या आसपास ओझे. एकटे मीठच चार टन. कातडी टिकवायला ते लागणारच. एका ओझ्यात पुस्तके होती, डुकराच्या कातड्यात बांधलेली. साधी बांधणी रक्त, घाम आणि बंदुकीच्या तेलापुढे टिकली नसती. या साऱ्या लवाजम्याला स्वाहिली भाषेत शब्द होता ‘सफारी’. तो अरबीतून आलेला. मराठीतला ‘सफर’ही त्याच घरचा. हमालांनी साहेबाचे बारसेही केले, ‘ब्वाना तुंबो’, म्हणजे ढेरीवाला मालक.

केनिया पर्वताच्या उतारावरच्या दाट रानात त्याने पहिला हत्ती पाडला, आणि तोच क्षण शेवटचा ठरायचा. दुनळी बंदुकीच्या दोन्ही नळ्या रिकाम्या झाल्या होत्या. इतक्यात दुसरा नर झुडपे फोडून अगदी अंगाला घासेल इतक्या जवळून आला. रूझवेल्ट झाडाआड सरकला आणि वाटाड्या कनिंगहॅमच्या गोळ्यांनी हत्ती वळला. त्या रात्री रूझवेल्टने हत्तीच्या काळजाचे तुकडे काठीला टोचून शेकोटीवर भाजून खाल्ले.

मात्र खऱ्या धाडसाचा मान त्याच्याकडे जात नाही. नांदी जमातीच्या तरुणांनी त्याच्यासमोर सिंहाला वेढा घातला; हातात फक्त भाला आणि कातड्याची ढाल. सिंह उसळला, एका तरुणाला त्याने फाडले आणि क्षणार्धात चहूबाजूंच्या भाल्यांनी तो आडवा झाला. रूझवेल्ट बंदूक घेऊन बघत राहिला. पुढे त्याने तो प्रसंग मोकळ्या मनाने वाखाणला.

जानेवारी १९१० मध्ये तांडा नाईलच्या पश्चिम काठावर, लाडो नावाच्या पट्ट्यात पोहोचला. इथे यायचे कारण एकच, पांढरा गेंडा. नावाला पांढरा, रंगाने करडाच. ओळख पटते ती चौकोनी, रुंद ओठावरून. दक्षिण आफ्रिकेत शिकाऱ्यांनी तो जवळपास संपवला होता; त्याची उत्तरेकडची जात या भागात उरली होती आणि संग्रहालयांकडे तिचे नमुने दुर्मीळ होते. बापलेकांनी मिळून नऊ मारले. नंतर त्याच प्रवासवर्णनात रूझवेल्टने लिहिले की या गेंड्याची संख्या आणि वस्ती नीट तपासली जाईपर्यंत त्याच्या हत्येवर पूर्ण बंदी असणेच बरे.

हा ढोंगीपणा म्हणावा, तर अध्यक्ष असताना सुमारे तेवीस कोटी एकर जमीन याच माणसाने संरक्षणाखाली आणली होती. प्रामाणिकपणा म्हणावा, तर ते नऊ गेंडे आडवे येतात. मार्च १९१० मध्ये खार्टूमला सफर संपली तेव्हा बापलेकांच्या नावावर ५१२ जनावरे जमा होती : १७ सिंह, ११ हत्ती, २० गेंडे. उंदीर, पक्षी, साप धरून पथकाने गोळा केलेले प्राणी अकरा हजारांवर गेले. टीका झालीच. त्यावर त्याचे उत्तर ठरलेले : आपल्याला दोष द्यायचा तर आधी संग्रहालयांनाच द्या. नमुन्यांचा अभ्यास झाला, त्यातून ज्ञानही मिळाले, हे खोटे नाही. पण सतरा सिंह विज्ञानालाच हवे होते, हे पटणे कठीण.

उत्तरेकडचा पांढरा गेंडा संपवला तो पुढच्या काळातील चोरट्या शिकारीने आणि यादवी युद्धांनी. त्याचे पाप एका रूझवेल्टच्या माथी मारता येणार नाही. ‘सुदान’ नावाचा अखेरचा नर १९ मार्च २०१८ रोजी केनियातील ओल पेजेटा अभयारण्यात गेला. मागे उरल्या दोन माद्या, नाजिन आणि तिची लेक फातू. त्यांच्याभोवती बंदूकधारी रक्षकांचा पहारा असतो. हे अभयारण्य केनिया पर्वताच्या पायथ्यालगत आहे. त्याच पर्वताच्या उतारावर रूझवेल्टचा पहिला हत्ती पडला होता.